पाण्याखाली घाई नको : स्कूबा डायव्हिंगविषयी वाचकांचे प्रश्न

सुट्टीत उष्ण कटिबंधातल्या एखाद्या बेटावर जायचं आणि त्यातला एक दिवस स्कूबा डायव्हिंगला द्यायचा, असा बेत आखलेल्या वाचकांची बरीच पत्रं या महिन्यात आली. मी पहिल्यांदाच पाण्याखाली जाणाऱ्यांना शिकवते, त्यामुळे यातले बहुतेक प्रश्न मला बोटीवरही ऐकायला मिळतात. एकाच विषयावरची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : मला पोहता येत नाही. सहल कंपनीचे लोक म्हणतात, ‘काही अडचण नाही, प्रशिक्षक धरून नेतात.’ हे खरं आहे का?

नियमापुरतं खरं आहे. पहिल्या अनुभवाची जी एक दिवसाची डायव्ह असते, तिच्यासाठी ‘पाडी’सारख्या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्था पोहण्याची परीक्षा घेत नाहीत. जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत जायचं आणि प्रशिक्षकाने पूर्ण वेळ जवळ राहायचं, अशी त्याची अट असते. प्रमाणपत्राचा ‘ओपन वॉटर’ कोर्स करायचा असेल तर मात्र २०० मीटर पोहून दाखवावं लागतं आणि १० मिनिटं तरंगून दाखवावं लागतं.

पण मी तुम्हाला वेगळंच विचारेन. तोंडावर पाणी आलं की तुम्ही गांगरता का? पोहता न येणारी कितीतरी माणसं पाण्यात अगदी निवांत असतात, आणि उत्तम पोहणारी काही माणसं नाकात थेंब गेला की कासावीस होतात. सहलीच्या आधी कंबरभर पाण्यात मास्क आणि स्नॉर्कल (तोंडात धरायची श्वासाची नळी) लावून बघा. तोंड पाण्यात घालून फक्त तोंडाने पाच मिनिटं शांत श्वास घेता आला, तर निम्मं काम झालं.

आणि कंपनीला ‘धरून नेणार’ म्हणजे काय ते नीट विचारा. एका प्रशिक्षकामागे किती जण असतील? खुल्या समुद्रात चारपेक्षा जास्त नवखे एका प्रशिक्षकाबरोबर नसावेत, आणि पोहता न येणाऱ्याला माझ्या मते एक पूर्ण प्रशिक्षक हवा. उभं राहता येईल अशा पाण्यात आधी सराव होईल का? तोंडातला रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं यंत्र) काढून परत लावणं, तो निसटला तर शोधणं आणि मास्कमध्ये शिरलेलं पाणी नाकाने हवा सोडून बाहेर काढणं, या तीन गोष्टी सरावात झाल्याच पाहिजेत. त्या न करताच कोणी खोल पाण्यात नेत असेल, तर पैसे गेले तरी चालतील, परत या.

प्रश्न : विमानातसुद्धा माझ्या कानात दडे बसतात आणि दोन दिवस सुटत नाहीत. मी डायव्हिंगचा विचार सोडून द्यावा का?

एवढ्यात सोडू नका, पण कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना आधी भेटा. पहिल्या दिवशी माणसं परत फिरतात त्यामागे बहुतेक वेळा कानच असतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा त्रास टाळता आला असता असं मला वाटतं. म्हणून जरा सविस्तर सांगते.

समुद्रसपाटीवर आपल्या अंगावर एका वातावरणाचा दाब असतो. समुद्राच्या पाण्यात दर दहा मीटरला तेवढाच आणखी एक वातावरण दाब वाढतो. म्हणजे दहा मीटरवर दाब दुप्पट आणि हवेचं आकारमान निम्मं. मी बोटीवरून पाण्याची रिकामी, झाकण घट्ट लावलेली प्लॅस्टिकची बाटली खाली नेते आणि ती कशी चेपत जाते ते नवख्यांना दाखवते. पहिल्या काही मीटरमध्येच ती पिळवटायला लागते. सगळ्यात मोठा बदल वरच्या थरात होतो, हे तिथे डोळ्यांना दिसतं.

तुमच्या पडद्यामागच्या मधल्या कानातही अशीच थोडी हवा असते. ती चेपली की पडदा आत ओढला जातो आणि दुखायला लागतं. मधल्या कानापासून घशाच्या मागच्या भागापर्यंत एक बारीक नळी असते. ती उघडून घशातली हवा कानात पोहोचवली की दाब सारखा होतो. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हलकेच नाकातून हवा ढकलायची ही सगळ्यांना माहीत असलेली पद्धत. इटलीचे शरीररचनातज्ज्ञ व्हाल्साल्व्हा यांच्या नावाने ती ओळखली जाते. नाक धरून आवंढा गिळणं ही दुसरी पद्धत. काहींना ती जास्त जमते आणि तिच्यात जोर लागत नाही. मान थोडी वर ताणून, जबडा पुढे काढून केलं तर आणखी सोपं जातं.

तुमच्या बाबतीत सगळं वेळेवर ठरणार आहे. दुखायला लागल्यावर कान मोकळे करायचे नसतात, दुखण्याआधी करायचे असतात. पाण्याच्या पृष्ठभागावर असतानाच एकदा करा. मग दर अर्ध्या मीटरला करा, गरज वाटो न वाटो. एक-दोन मीटर तसंच गेलात तर बाहेरच्या दाबाने त्या नळीचं तोंड दाबलं जातं आणि मग कितीही जोर लावला तरी ते उघडत नाही. अशा वेळी जोर लावूच नका. आतल्या कानाला इजा होते, कायमचं ऐकू कमी येऊ शकतं. प्रशिक्षकाला हात दाखवा, मीटरभर वर या, मोकळं करा आणि पुन्हा हळू उतरा. डोकं खाली करून सूर मारत उतरण्यापेक्षा नांगराच्या दोराला धरून पाय खाली ठेवून उतरलात तर कान जास्त सहज मोकळे होतात.

एका पत्रात विचारलंय, ‘सर्दी आहे, पण गोळी घेतली तर चालेल ना?’ चालणार नाही. नाक मोकळं करणाऱ्या गोळीचा परिणाम खाली असतानाच उतरला, तर वर येताना कानात अडकलेल्या हवेला बाहेर पडायला वाट राहत नाही. उतरताना कान दुखले तर थांबता येतं. वर येताना दुखले तरी वर यावंच लागतं. सर्दी असलेल्या दिवशी डायव्ह नाही, मग सुट्टी कितीही लहान असो.

प्रश्न : गेल्या वर्षी मी उतरले आणि दोन मिनिटांत वर आले. छातीवर कोणी बसल्यासारखं झालं, श्वासच पुरेना. नवरा आणि मुलगा छान फिरून आले. मला फार कमीपणा वाटला. पुन्हा प्रयत्न करू का?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही वर आलात, ते तुम्ही अगदी बरोबर केलंत. कोणत्याही डायव्हरने, कोणत्याही क्षणी, कोणतंही कारण न देता डायव्ह थांबवावी आणि त्याबद्दल त्याला कोणी प्रश्न विचारू नये, हा डायव्हिंगमधला जुना आणि फार चांगला संकेत आहे. मोठमोठे अनुभवी लोक तो पाळतात. मी तो पहिल्याच दिवशी शिकवते, मासे दाखवण्याच्या आधी.

आता श्वास का पुरत नव्हता ते बघू. सिलिंडरमध्ये हवा भरपूर होती. नेहमीचं अकरा लिटरचं ॲल्युमिनियमचं सिलिंडर २०० बार दाबाने (एक बार म्हणजे साधारण एका वातावरणाचा दाब) भरलेलं असलं, तर त्यात सुमारे २,२०० लिटर हवा असते. तो ऑक्सिजन नसतो, तुमच्याआमच्या भोवती असते तीच हवा गाळून, कोरडी करून भरलेली असते. कमी पडला होता तो उच्छ्वास. घाबरलेला माणूस छोटे छोटे श्वास आत घेत राहतो, बाहेर पुरतं सोडत नाही. शरीरात कार्बन डायऑक्साइड साचतो, आणि ‘हवा हवी’ ही तळमळ मुख्यतः त्याच्यामुळेच वाटते. मग माणूस आणखी घाईने ओढतो. यातून सुटायचं असेल तर हालचाल पूर्ण थांबवायची, काहीतरी धरायचं, आणि बाहेर सोडायला लागायचं. लांब, सावकाश, बुडबुड्यांचा आवाज कानांनी ऐकत, छाती रिकामी होईपर्यंत. आत घेण्याची काळजी करायची नाही, ते आपोआप होतं.

तोंडातलं यंत्र कसं चालतं हे समजलं की अनेकांची भीती कमी होते, असा माझा अनुभव आहे. फ्रेंच नौदलातले झाक कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये जो झडपेचा रेग्युलेटर बनवला, त्याचं तत्त्व आजही तेच आहे. युद्धाच्या काळात पेट्रोल मिळेना तेव्हा मोटारी गॅसवर चालवण्यासाठी गान्यांनी एक झडप तयार केली होती, तिच्यावरून हे सुचलं. तुम्ही श्वास ओढलात की आतला पातळ पडदा हलतो, झडप उघडते, आणि तुम्ही ज्या खोलीवर आहात तिथल्याच दाबाची हवा तोंडात येते. ओढणं थांबलं की बंद. त्यामुळे पाच मीटरवर काय आणि बारा मीटरवर काय, छाती पाण्याशी झगडत नाही. खोकला आला तरी त्यातूनच खोका. बोट लागून उलटी झाली तरी त्यातूनच करता येते आणि पुढचं बटण दाबून साफ करता येतं. ऐकायला किळसवाणं वाटेल, पण हे ठाऊक असलेला माणूस घाबरून रेग्युलेटर तोंडातून काढून टाकत नाही, आणि ते फार महत्त्वाचं आहे.

याच ठिकाणी एक गोष्ट सगळ्यांनी पक्की लक्षात ठेवा : पाण्याखाली श्वास कधीही कोंडून धरायचा नाही. दहा मीटरवर फुप्फुसं भरून घेतली आणि श्वास रोखून वर आलं, तर तीच हवा पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते. भरलेल्या फुप्फुसांनी मीटर-दीड मीटर वर आल्यानेही इजा झाल्याची उदाहरणं आहेत. म्हणून वर येणं हे नेहमी सावकाश, श्वास चालू ठेवून. मिनिटाला नऊ मीटर हा आज सर्रास पाळला जाणारा वेग आहे, आणि शेवटी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबून मगच वर.

पुन्हा प्रयत्न करा, पण वेगळ्या प्रकारे. नवरा आणि मुलगा बरोबर नकोत, त्यांना दुसऱ्या बोटीने जाऊ दे. किनाऱ्यावरून चालत उतरता येईल अशी जागा निवडा, बोटीवरून उडी नको. प्रशिक्षकाला गेल्या वर्षीचं सगळं आधी सांगा. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, ते छातीइतक्या पाण्यात धक्क्याची शिडी धरून गुडघे टेकून बसले आणि बराच वेळ नुसता श्वास घेत राहिले. मग शिडी सोडून वाळूवर हात ठेवला. एक छोटासा गोबी मासा आणि त्याच्याबरोबर बिळात राहणारी कोळंबी तिथेच दिसली. कोळंबी सतत वाळू उपसून बीळ साफ करते, मासा दारात पहारा देतो. तिला नीट दिसत नाही, म्हणून तिची एक मिशी कायम माशाच्या अंगाला टेकलेली असते. त्या दिवशी आम्ही दोन मीटरच्या खाली गेलोच नाही. मी ती डायव्ह पूर्ण झालेली डायव्ह मानते.

प्रश्न : दिवस नेमका कसा जातो? तयारीला काय न्यावं?

सकाळी आरोग्याचा अर्ज भरायचा. तो खरा भरा, त्याविषयी पुढे लिहिलंय. मग सामान अंगाला बसतं का ते बघणं. मास्क निवडताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर ठेवा आणि नाकाने हलका श्वास आत ओढा. तो हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर तुमच्या चेहऱ्याचा. केस आत अडकले तर पाणी शिरणार. फिन्स पायाला घट्ट, पण बोटं मोकळी. वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख, पाणी २८ अंशांचं असलं तरी घाला. पाणी हवेपेक्षा वीसपटीहून जास्त वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं, आणि दुसऱ्या डायव्हला दात वाजायला लागतात.

बोट लागत असेल तर गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्या, आणि ती कोणती याची चौकशी आधी करा, काही गोळ्यांनी झोप येते. बोटीच्या मधल्या भागात बसा, क्षितिजाकडे बघा, मोबाइलमध्ये नाही.

उतरण्यापूर्वी खुणा शिकवल्या जातात. अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ म्हणजे ‘सगळं ठीक’. हाताचा पंजा आडवा धरून डावीउजवीकडे डोलवायचा म्हणजे ‘काहीतरी बिघडलंय’, आणि मग बोटाने कान, मास्क, पोट, जे असेल ते दाखवायचं. अंगठा वर म्हणजे ‘वर जायचंय’. आनंदाने अंगठा दाखवणारे नवखे रोज भेटतात, आणि मी खरंच त्यांना वर आणते. एकदा तसं झालं की खूण विसरत नाही.

मग पाणी. अंगावरच्या हवा भरायच्या जॅकेटमधली हवा सोडली की डोक्यावरून पाणी बंद होतं आणि वरचा सगळा गोंगाट एकदम तुटतो. उरतो तो आपला श्वास आणि मागे एक बारीक, अखंड कडकड आवाज. बरेच जण सिलिंडरमध्ये बिघाड झाला असं समजतात. तो प्रवाळातल्या पिस्तूल-कोळंब्यांचा आवाज असतो. त्यांचा एक चिमटा मिटताना पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो, त्याचा हा आवाज. आवाज कुठून येतोय ते मात्र कळत नाही. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने, सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो, आणि दोन्ही कानांवर जवळजवळ एकदमच आदळतो. बोटीच्या इंजिनचा आवाज आला की म्हणूनच आधी वर बघायचं.

रंगही बदलतात. पाणी लाल रंग आधी शोषतं, पाच मीटरच्या आसपास तो मरगळतो, पुढे नारिंगी, मग पिवळा. दहा मीटरवर मी माझी लाल पट्टी काढून दाखवते, ती मातकट काळपट दिसते, आणि तिच्यावर टॉर्च मारला की भडक लाल. हा खेळ मला अजूनही आवडतो. कोणाला बोट कापलं तर रक्त हिरवट दिसतं, घाबरू नका. वस्तू आहेत त्यापेक्षा साधारण एकतृतीयांशाने मोठ्या दिसतात, म्हणून परत आल्यावर सांगायच्या माशाची लांबी थोडी कमी करा.

दोन डायव्हच्या मध्ये तासभर बोटीवर विश्रांती असते. तिचं कारण नायट्रोजन आहे, शेवटच्या उत्तरात येईल. या तासात पाणी प्या. पाण्यात शिरलं की हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं, शरीराला वाटतं रक्त जास्त झालं, आणि लघवीला सारखी होते. त्यामुळे पाण्यात राहूनही अंगातलं पाणी कमी होतं. आदल्या रात्री आणि त्या दिवशी मद्य नको.

प्रश्न : वय ५४, रक्तदाबाची गोळी चालू आहे, लहानपणी दमा होता. अर्जात ‘नाही’ लिहिलं तर?

तर तुम्ही तुमच्या प्रशिक्षकाला अंधारात ठेवून त्याच्याकडे स्वतःचा जीव सोपवलात. तो अर्ज कोणाला गाळण्यासाठी नसतो. ‘हो’ लिहिलं म्हणजे नकार, असंही नाही. डॉक्टरांची सही लागते, आणि ती सुट्टीच्या ठिकाणी ऐनवेळी मिळत नाही, म्हणून लोक खोटं लिहितात. अर्ज आधीच मागवून घ्या आणि घरून निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा.

रक्तदाब गोळीने ताब्यात असेल आणि जिना चढताना धाप लागत नसेल, तर पुष्कळांना परवानगी मिळते. पण पाण्यात हृदयावर भार वाढतो आणि रक्तदाब असलेल्यांच्या फुप्फुसात पोहताना पाणी झिरपण्याचा धोका जास्त असतो, हे डॉक्टरांना माहीत हवं. दम्याच्या बाबतीत आता त्रास आहे का, थंड कोरड्या हवेने किंवा श्रमाने धाप लागते का, हे बघावं लागतं, कारण सिलिंडरमधली हवा थंडही असते आणि कोरडीही. आपोआप फुप्फुस फाटून हवा छातीत जाण्याचा प्रकार कधी झाला असेल, झटके येत असतील किंवा गरोदर असाल, तर डायव्ह नाही. यात वाद नको.

प्रश्न : मासिक पाळी असताना उतरलं तर शार्क येतात म्हणतात.

नाही येत. पाळीमुळे शार्कचे हल्ले वाढल्याचा कोणताही पुरावा नाही, आणि जगभरात हजारो बायका पाळीतही डायव्हिंग करतात, शिकवतात. मीही त्यातलीच. टॅम्पॉन किंवा कप वापरता येतो. फार पोट दुखत असेल, थकवा असेल, तर तेवढ्यासाठी दिवस पुढे ढकला. उष्ण समुद्रातल्या प्रवाळावर दिसणारे छोटे रीफ शार्क बहुतेक वेळा आपले बुडबुडे ऐकून आधीच लांब जातात. एखादा दिसला तर तो दिवस चांगला आहे असं समजा.

प्रश्न : मागच्या सहलीत वाटाड्याने तारामासा उचलून आमच्या हातात दिला, फोटो काढले. त्याने काही बिघडतं का?

बिघडतं. तारामासा शरीरात पाणी खेळवून चालतो आणि श्वास घेतो. त्याला पाण्याबाहेर काढलं की तो ताणाखाली येतो, आणि तोच तारामासा दिवसभर दहा बोटींच्या हातांतून फिरतो. पुढच्या वेळी वाटाड्याला आधीच सांगा, ‘आम्हाला हातात काही नको, फक्त दाखवा.’ गिऱ्हाईकच मागत नाही असं दिसलं की हे थांबतं, मी ते होताना पाहिलंय.

प्रवाळाला तर बोटही लावू नका. तो दगड वाटतो, पण वर जिवंत प्राण्यांचा पातळ थर असतो. गोलसर, भरीव प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर किंवा त्याहून कमी वाढतो. तुमच्या फिनच्या एका फटक्याने तुटलेला तुकडा परत यायला तुमच्या मुलांची शाळा संपून जाईल. आणि सध्या प्रवाळ आधीच अशक्त आहे. त्याच्या पेशींत सूक्ष्म शेवाळ राहतं, तेच त्याला बहुतेक अन्न आणि रंग देतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यातल्या कमाल तापमानापेक्षा फक्त एक अंशाने, काही आठवडे, जास्त राहिलं तरी ते शेवाळ बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढराफटक होतो. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळांनंतर चौथ्यांदा जगभर हे घडतंय, असं एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालं. समुद्रतळाचा एक टक्क्याहून कमी भाग प्रवाळाने व्यापलेला आहे आणि समुद्रातल्या सुमारे एकचतुर्थांश जाती त्याच्या आधाराने राहतात. तुम्ही बघायला जाताय ते हे आहे.

तुमच्या हातात आहे तेवढं करा. लोंबणारे पाइप जॅकेटला अडकवा. पाय सायकल मारल्यासारखे नको, मांडीपासून सावकाश हलवा, आणि तळापासून हातभर अंतर ठेवा. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेलं सनस्क्रीन नको, हवाई बेटांवर २०२१ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे. त्यापेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला.

उरले चावणारे, डसणारे. मोरे ईल तोंड उघडझाप करतो ते श्वासासाठी, धमकी म्हणून नाही. दगडमासा आणि लायनफिश यांचे काटे विषारी असतात, पण ते आपल्यावर धावून येत नाहीत, आपण त्यांच्यावर हात ठेवतो. काटा लागलाच तर डॉक्टरांकडे जाईपर्यंत तो भाग भाजणार नाही इतक्या गरम, साधारण ४५ अंशांच्या पाण्यात धरा. एकाच माशाला मी मान देऊन वळसा घालते : अंडी राखणारा टायटन ट्रिगरफिश. त्याची हद्द घरट्यापासून वर रुंदावत जाते, म्हणून त्याच्यापासून वर पळू नका, आडवे बाजूला व्हा.

प्रश्न : चष्मा आहे. दाढीही आहे.

नंबरचा मास्क मिळतो, तुमचा नंबर केंद्राला आधी कळवा. मऊ कॉन्टॅक्ट लेन्सही चालतात, पाणी शिरलं तर डोळे मिटून मास्क साफ करा. दाढीने फारसं अडत नाही, मिशीने अडतं. नाकाखालची थोडी कातरली किंवा तिथे पेट्रोलियम जेली लावली की पाझर कमी होतो. मात्र नंतर मास्क धुऊन द्या, जेलीने काही मास्क खराब होतात.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला नेता येईल का?

समुद्रातल्या डायव्हसाठी किमान वय दहा आहे. आठव्या वर्षापासून दोन मीटरपर्यंतच्या शांत पाण्यातला अनुभव काही ठिकाणी देतात. पण तिला स्वतःला हौस आहे का ते आधी बघा. दहा वर्षांच्या मुलालाही मी एकटीच बाजूला घेऊन विचारते, आई-वडील ऐकत नसताना. ‘नको’ म्हणाला तर मी त्याच्या वतीने घरच्यांना सांगते की आज त्याचे कान ठीक वाटत नाहीत.

प्रश्न : परतीचं विमान सकाळी नऊला आहे, आणि आदल्या दिवशी दुपारच्याच बोटीत जागा आहे. दोन डायव्ह आहेत, चार वाजता संपतील. चालेल ना?

नाही. चार ते नऊ म्हणजे सतराच तास होतात. डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या सूचनेप्रमाणे एका साध्या डायव्हनंतर किमान १२ तास, आणि एकाहून जास्त डायव्ह झाल्या असतील तर किमान १८ तास विमान टाळायचं असतं. ही किमान मर्यादा आहे, मी पूर्ण दिवस सोडायला सांगते.

आपण घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. दाबाखाली तो रक्तात आणि स्नायूंत जास्त विरघळतो, आणि वर आल्यावर श्वासावाटे हळूहळू बाहेर पडतो. दाब झटकन कमी झाला तर तो अंगातच बुडबुडे धरतो. सांधे दुखतात, हातपाय बधिर होतात, कधी त्याहून वाईट. टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टकं ब्रिटिश शरीरक्रियातज्ज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १९०८ मध्ये मांडली तेव्हापासून यावर काम चालू आहे. विमानाच्या केबिनमधला दाब समुद्रसपाटीचा नसतो, सुमारे १,८०० ते २,४०० मीटर उंच डोंगरावर असावा तेवढा असतो. म्हणजे विमानात चढणं हे आणखी एकदा ‘वर येणं’ आहे. बेटावर डोंगराची सहल असेल तर तिलाही हाच विचार लावा.

डायव्हिंग सुट्टीच्या सुरुवातीला घ्या आणि शेवटचा दिवस स्नॉर्कलिंगला ठेवा. पृष्ठभागावर तरंगायला विमानाचं बंधन नाही. बेत आता बदलता येत नसेल, तर एकच उथळ डायव्ह करा आणि ती वेळेत संपवा. नंतर त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी खांदा-कोपर ठणकलं, मुंग्या आल्या, अंगावर चट्टे उठले किंवा कारणाशिवाय गळून गेल्यासारखं वाटलं, तर विमानतळावर पोहोचला असलात तरी विमानात चढू नका. ऑक्सिजन मागा, डायव्ह केंद्राला फोन लावा, आणि जो डॉक्टर भेटेल त्याला पहिल्याच वाक्यात सांगा की तुम्ही काल डायव्ह केली होती.